बिनजाळाचा बंब आणि माझी नऊ अंशांची चूक

गेनबा,

रडायचं ते मागाहून. आधी बातमी ऐक. पन्हळ चालली!

परवाच्या रविवारी, भर दुपारी, आरोग्यधामाच्या गच्चीवर, पन्नासएक माणसांच्या देखत तुझ्या नळातून वाफ आली. नुसती आली नाही, अशी शिट्टी घातली की खालच्या व्हरांड्यातले रोगी खाटांवर उठून बसले. तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मी ही बातमी सांगायला कागद घेऊन बसलो आहे. सत्तरी ओलांडली आहे. पण पहिल्या नंबरानं पास झालेलं पोर घराकडं धावत सुटतं ना, तशी माझी गत झाली आहे. फक्त ज्या घराकडं धावायचं त्या घरात तू नाहीस.

हे मी छापायला देणार आहे. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील, आणि तुला ठाऊक नसलेली एक गोष्टही. ती तुला ठाऊक नव्हती असं मी पंचवीस वर्षं धरून चाललो. खरं काय ते तुलाच माहीत.

तू पहिल्यांदा शाळेत आलास तो दिवस आठवतो? मी तळेगावच्या शाळेत गणित शिकवत होतो आणि तू तिथल्याच काचेच्या कारखान्यात मिस्त्री होतास. लोणावळ्याकडची तुझी शेती धरणाच्या पाण्याखाली गेली, तेव्हा तू बायकोच्या माहेरी, सोमाटण्याला येऊन राहिलास आणि भट्टीसमोर उभा राहिलास. वर्गाच्या दारात पायताण काढून, हातात फुटक्या आरशाचा तुकडा घेऊन तू म्हणालास, "मास्तर, येक इचारू का? ह्या येका तुकड्यानं भितीवर उजेड पडतो. धा तुकड्यांचा उजेड येकाच जागी पाडला तर तितं काय व्हईल?"

"भिंत तापेल," मी म्हणालो.

"आन शंभरांचा पाडला तर?"

"जास्त तापेल."

"मंग भितीच्या जागी पानी ठेवलं तर?"

पोरं हसली. मला मात्र हसू आलं नाही. वीस वर्षं मी अंतर्वक्र आरसा फळ्यावर काढत होतो, किरण एका बिंदूत आणून मिळवत होतो, आणि त्या बिंदूवर पातेलं ठेवून बघावं असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून तुझी पायवाट माझ्या घरावरून जायला लागली. तू भट्टीवरून सुटायचास, अंगावर कोळशाची काजळी, डोळे लाल, आणि आल्या आल्या तेच. "वर येवढी मोटी भट्टी फुकट जळतीया, आन आमी खाली फुंकत बसलोय." भट्टीला रात्रंदिवस जळण लागायचं, गाड्या यायच्या, डोंगर उघडे पडायचे. मी तुला चिडवायचो, "तू काचवाला, तुझं पोट त्याच भट्टीवर." तू म्हणायचास, "म्हणून तर सांगतोय. भट्टीचा राग भट्टीवाल्याइतका कुनाला आसनार?"

कारखान्याच्या मागं टाकून दिलेल्या काचा तू मागून आणल्यास. लांब पट्ट्या कापल्यास, पुण्याच्या आरसेवाल्याकडून त्यांच्या मागच्या बाजूला पारा चढवून घेतलास. सागाच्या फळ्यांची अर्धगोल पन्हळ केलीस, पुरुषभर लांब. आत पट्ट्या बसवायच्या होत्या. मी शाळेच्या जमिनीवर दोरा आणि काटकोन घेऊन वक्ररेषा आखून दिली. तू ती बघितलीस, मान डोलावलीस, आणि घरी जाऊन आपल्याच पद्धतीनं काम केलंस. पन्हळीच्या मध्यावर, हातभर उंचीवर, काळा रंग दिलेला लोखंडी नळ. पार्वतीवहिनी एकेक पट्टी उन्हात धरणार, तू नळाकडं बघणार. "वाईच खाली... आनखी... हां, हितं!" उजेडाचा पट्टा नळावर पडला की राळ लावून पट्टी तिथंच चिकटवायची. मग पुढची. तुम्ही दोघांनी सुट्टीच्या दिवसांत मिळून हे काम केलं, आणि पुरं झाल्यावर मी माझी आखलेली वक्ररेषा कागदावरून कापून आत धरून पाहिली. तंतोतंत! केसाचा फरक नाही. गेनबा, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी कुठल्या बक्षिसानं तोलू? माझं पुस्तक आणि तुझे डोळे वेगवेगळ्या वाटांनी निघून एकाच जागी भेटले होते.

पौष महिना होता. हवा स्वच्छ, ऊन कोवळं वाटावं असं. तुझ्या अंगणात पन्हळ दक्षिणेकडं तोंड करून कलती ठेवली. नळाच्या एका टोकाला पाण्याचा डबा, दुसऱ्या टोकाला तोटी. सगळी आळी जमली. पहिली काही मिनिटं काहीच नाही. मग नळ टिकटिक बोलायला लागला. मग तोटीतून थुंकल्यासारखं पाणी उडालं, आणि मागोमाग पांढरी वाफ! तुमच्या शेजारची काशीमावशी वाकून पन्हळीखाली बघायला लागली.

"जाळ कुटं लपवलाय रे, मुडद्या?"

"मावशी, जाळ वर हाय. मान वर करून बगा."

"मला येडी समजतो व्हय? जाळ बी न्हाई, धूर बी न्हाई, आन पानी उकाळतंय. भुताटकी हाय ही!"

मग तिनंच त्या पाण्याचा चहा पहिल्यांदा घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या बाळंतीण सुनेच्या अंघोळीला पाणी न्यायला आली, तेव्हा कळशी घेऊन आली आणि म्हणाली, "तुजा त्यो बिनजाळाचा बंब चालू हाय का?" तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं.

त्याच सुमारास लोणावळ्याच्या अलीकडच्या टेकडीवरच्या आरोग्यधामाची गोष्ट निघाली. छातीचे रोगी तिथं हवापालटाला राहायचे. त्यांचे कपडे, चादरी, थुंकीची भांडी रोज उकळावी लागत, आणि चुलाण्यांचा धूर घेऊन रोगी आणखी खोकत. तिथल्या डॉक्टरांना बिनधुराची आच हवी होती. मुंबईचा एक एजंट त्यांना कोळशापासून गॅस काढायचं यंत्र विकायला बघत होता: बंद भट्टीत कोळसा तापवायचा, निघालेला गॅस टाकीत साठवायचा, नळीनं न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात न्यायचा. डॉक्टर भला माणूस. मी त्यांना तुझं सांगितलं, तर म्हणाले, "मास्तर, आरोग्यधामाची पंचमंडळी गॅसच्या बाजूची आहेत. पण दाखवा. चालली तर गच्चीवर अशा चार बसवू, आणि त्या करायला तुमचा मिस्त्रीच ठेवू."

तुझी भट्टीसमोरची नोकरी सुटणार होती. वहिनींनी देवापुढं साखर ठेवली.

आता माझं सांगतो.

तू पन्हळ नजरेनं लावायचास. नळाचं पोट उजळलं की बास. मी म्हटलं, हे डॉक्टरांपुढं चालणार नाही. तिथले नोकर काय तुझ्यासारखे नजरेनं लावतील? शास्त्रीय काही हवं. कोणत्या पंधरवड्यात पन्हळ किती अंश कलवायची याचा तक्ता मी केला. पन्हळीच्या बाजूला लाकडी कमान लावून तिला भोकं पाडली, प्रत्येक पंधरवड्याचं एक. खुंटी त्या भोकात घातली की झालं. पौषातच आपण तो ताडून पाहिला आणि खुंटी बरोबर बसली. मी फुगलो. तू म्हणालास, "मास्तर, तुमी तर सूर्याला वेसन घातली!" मग माघ-फाल्गुनात कारखान्यात काम वाढलं, पन्हळ गोणपाटात बांधून ठेवली, आणि पाडव्यानंतरच्या आठवड्यात बैलगाडीतून आरोग्यधामाच्या गच्चीवर चढवली.

सगळे आले होते. पंचमंडळींचे अध्यक्ष रावसाहेब, डॉक्टर, गॅसचा एजंट. मी तक्ता काढला, खुंटी घातली. तू नळाजवळ वाकलास आणि हळूच म्हणालास, "मास्तर, नळाचं पोट काळंच दिसतंय. वाईच आभाळाकडं करू का?"

मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "हात लावू नकोस. हा नांगर नाही गेनबा, गणित आहे."

लोक हसले. तू हात मागं घेतलास.

तासभर आम्ही उभे. नळ बोलला नाही. पाणी कोमट झालं, तेवढंच. रावसाहेबांनी पगडी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "मास्तर, यापेक्षा माझं टक्कल जास्त तापलंय. त्यावरच चहा ठेवा." पुन्हा हशा. त्या हशात माझाही आवाज होता. तू माझ्याकडं बघितलंस ते मला अजून दिसतं.

डॉक्टरांनी माझं लेखी मत मागितलं. मी लिहून दिलं: "आरशांची बसवणूक सदोष असून किरण एकत्र येत नाहीत. सबब हे यंत्र उपयोगाचे नाही." खाली माझी सही. ज्या बसवणुकीला मी माझ्या हातानं कागद लावून तंतोतंत म्हटलं होतं, तिच्याबद्दल हे लिहिलं.

तोवर माझी चूक मला खरोखर कळली नव्हती. हे सुटका करून घ्यायला सांगत नाही, कारण सुटका पुढच्या आठ दिवसांत संपते. आठ दिवसांनी मी शाळेच्या अंगणात पोरांना काठीची सावली मोजायला शिकवत होतो. माध्यान्हीची सावली मोजली, सूर्याची उंची काढली, आणि माझ्या तक्त्याशी ताडली. नऊ अंशांचा फरक! मला वाटलं काठी वाकडी. दुसरी काठी घेतली. नऊ अंश. मग तक्त्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून तपासला.

तक्ता मी पंचांगावरून केला होता. पंचांगात सूर्य मेषेला जातो तो दिवस मी दिवस-रात्र समान होण्याचा धरला. प्रत्यक्षात दिवस-रात्र त्याच्या तीन आठवडे आधीच समान झालेली असते. संक्रांतीला तिळगूळ वाटताना आपण सगळेच म्हणतो की आजपासून सूर्य उत्तरेला वळला. तो बिचारा वळून तीन आठवडे झालेले असतात. या फरकाला अयनांश म्हणतात आणि तो हिशेबात मिळवायचा असतो. हे मी पोरांना शिकवत होतो. स्वतः तक्ता करताना मिळवायचा राहिला. पौषात सूर्य वळणावर रेंगाळतो, दिवसामागून दिवस जवळपास तिथंच असतो, म्हणून तेव्हा चूक झाकली गेली. चैत्रात तो झपाझप उत्तरेला चालतो. माझी खुंटी त्याच्या नऊ अंश मागं, रिकाम्या आभाळाकडं तोंड करून बसली होती. तू म्हणालास तेच करायचं होतं: वाईच आभाळाकडं.

आणि गेनबा, त्याच संध्याकाळी तू आलास! धावत आला होतास, बोलताना धाप लागत होती.

"मास्तर, घरी लावली. चालली! पौषातल्यापरीस लवकर वाफ आली. डाक्टरांना सांगा, येकडाव फिरून दावू. म्हनं आजून गॅसचं ठरलं न्हाई."

ठरलं नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. माझ्या टेबलावर काठीच्या सावलीचा तो कागद पडला होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण गावात तेव्हा कुठलं पंचांग खरं याचा वाद पेटला होता, आणि आमच्या बाजूचं गणित अचूक आहे असं मी भर सभेत छाती ठोकून सांगितलं होतं. त्यावरची माझी पुस्तिका छापखान्यात होती. मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, "घरचं वेगळं, तिथलं वेगळं. आता मत दिलं गेलं."

 "तुमी म्हनता तर तसं आसंल," म्हणालास, आणि गेलास. पन्हळ माळ्यावर गेली ती तिथंच राहिली. काशीमावशीनं कितीदा विचारलं तरी तू ती खाली काढली नाहीस. मास्तरांनी सदोष म्हटलेली वस्तू तू शेजाऱ्यांनाही देणार नव्हतास.

तळेगावात पोरं तुला 'ऊनमिस्त्री' म्हणून हाका मारायची. मी शाळेत एकदोघांना त्यावरून छड्या दिल्या आणि वाटलं, आपण तुझी बाजू घेतली.

गॅस आरोग्यधामात चांगला चालला, हे मी नाकारणार नाही. निळी ज्योत, धूर नाही, कळ फिरवली की आच. आपलं भांडण त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणायचो, "आपल्या मावळात चार महिने सूर्य तोंड दाखवत नाही. तेव्हा काय करशील?"

"चार महिनं लाकूड जाळीन. बाप चार महिनं आजारी पडतो, म्हनून आठ महिनं त्येच्या हातचं खायाचं न्हाई व्हय?"

"आणि रात्री?"

"रातच्याला कुनाच्या चादरी धुत्यात, मास्तर?"

"गॅस कळ फिरवली की येतो."

"येतो, पर कुटनं येतो? कोळसा येनार लांबनं, आगगाडीनं. ज्येच्या हातात कोळसा त्येच्या हातात तुमची कळ. माझं शेत बी आसंच लांबच्या मान्सानं बुडवलं. ऊन तरी कोन बुडवनार? त्ये रोज आपलं आपन बुडतं आन सकाळी वर येतं."

 यावर मी अडकित्ता उघडायचो आणि सुपारी कातरत बसायचो. मी हरत होतो, हरताना मजा येत होती, आणि आतून मला ठाऊक होतं की ज्या पुराव्यावर हे भांडण एका दिवसात मिटलं असतं तो माझ्या पेटीत आहे.

मग लढाई आली. आरोग्यधामाला कोळसा मिळेना. गॅसचं यंत्र बंद पडलं, चुलाणी पुन्हा पेटली, धूर पुन्हा व्हरांड्यात. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींच्या मागं लोणारी कोळशातून गॅस काढणारे बंब लागले. सोमाटण्याच्या फाट्यावर आपण दोघं बसलो होतो, आणि उतारूंनी भरलेली एक सर्व्हिस मोटार धापा टाकत येऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरला आणि मागच्या बंबात सळई घालून निखारे ढोसायला लागला. तू ओरडलास, "आरं, गाडीच्या बुडाखाली चूल बांदलीस, आता सैपाकीन बी ठीव!" ड्रायव्हर हसून म्हणाला, "आबा, तुमीच या की!" सगळी मोटार हसली. आणि हसता हसता तू माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणालास, "मास्तर, आता येकडाव दावायची का?"

दुसरी संधी होती ती. मी म्हणालो, "माझं वय झालं रे."

तू म्हणालास, "ऊन आजून तरनं हाय."

यंदा होळीच्या चार दिवस आधी तू गेलास. मी आलो तेव्हा तुला नेलं होतं. तेराव्याला जेवणं झाल्यावर, मांडवात सगळे बसलेले असताना, मी उभा राहिलो.  मग एकदम सगळं सांगितलं. तक्ता, अयनांश, काठीची सावली, तुझं धावत येणं, माझं खोटं. म्हणालो, "पन्हळ सदोष नव्हती. सदोष मी होतो."

 पार्वतीवहिनी आतून उंबऱ्याशी आल्या.

"ह्ये आमाला कशापायी सांगताय?"

"तुम्हाला ठाऊक असावं म्हणून."

"पंचवीस वरसं त्ये हितंच हुते की, मास्तर. रोज तळ्यागावला तुमच्या दारावरनंच जात हुते."

मी मान खाली घातली.

"आन आमी कुटं म्हनलं हुतं पन्हळ वाईट हाय म्हनून? जितं कागद लिवून दिलात तितं जाऊन सांगा." मग म्हणाल्या, "मी बी येते. पन्हळ माळ्यावर हाय."

दुसऱ्याच दिवशी आम्ही ती खाली काढली. गेनबा, तू प्रत्येक पट्टीवर जुन्या धोतराचं फडकं घालून ठेवलं होतंस! गोणपाट सोडलं आणि सगळं अंगण लखलखलं. काशीमावशीची नात डोळ्यांवर हात घेऊन पळाली. काही पट्ट्यांचा पारा उडाला होता. वहिनींनी नव्या पट्ट्या मागवल्या, आणि मग तीच तुमची रीत: पट्टी उन्हात धरायची, नळाकडं बघायचं. आता बघणारा मी होतो. "वाईच खाली, आणखी, हां, इथं!" असं म्हणताना माझ्या तोंडून तुझाच सूर निघत होता आणि मला थांबवत नव्हतं. दोन दिवस मी जेवायचंही विसरलो. घरची मंडळी म्हणाली, म्हातारा बहकला.

आरोग्यधामात आता डॉक्टरीणबाई आहेत, तरुण, बोलायला सडेतोड. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि जुना कागद काढायला लावला. पिवळा पडला होता, पण माझी सही ठसठशीत. मी त्याखाली लिहिलं की हे मत खोटं आहे, चूक माझ्या तक्त्यातली होती, ती मला आठ दिवसांत कळली आणि मी ती लपवली. पन्हळ गेनबा मिस्त्रींची असून तिची बसवणूक निर्दोष आहे. पुन्हा सही केली. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, कागद दुरुस्त करून पाणी उकळत नाही. माझे रोगी आजही धूर गिळतायत. चालवून दाखवा."

"रविवारी," वहिनीच बोलल्या.

आणि रविवार उजाडला! तुझ्या आळीतली माणसं दोन बैलगाड्या भरून आली. पन्हळ गच्चीवर चढली. मी जवळ गेलो तर वहिनी म्हणाल्या, "मास्तर, तुमी सावलीत बसा." मी बसलो. ती कमान, ती भोकं, माझी खुंटी, काही त्यांनी लावू दिलं नाही. पन्हळीला दगडाचं टेकण दिलं, वाकून नळाचं पोट बघितलं, टेकण सरकवलं, परत बघितलं. नळाच्या खालच्या अंगावर एक पांढरी रेघ उमटली, रुंद झाली, आणि इतकी झगझगली की बघवेना. "बास," म्हणून त्या मागं सरकल्या.

टिकटिक. मी उठून उभा राहिलो. टिकटिक वाढली. डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या. तोटी थरथरली, थुंकली, आणि मग ती शिट्टी! वाफेचा लोट कठड्याबाहेर गेला. खालून रोग्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी घाईघाईनं एक चादर मागवली, पिंपात टाकली, वाफेची नळी आत सोडली, आणि पिंप गदगदून उकळायला लागलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला अशा चार हव्यात." तुझ्या आळीनं असा ओरडा केला की टेकडीवरचे बगळे उडाले. मी काय केलं ठाऊक आहे? मी वळलो आणि जीव खाऊन हाक मारली, "गेनबा, बघ!"

 नुसती वाफ वाजत होती.

वहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, आता रडतील. पण त्या पन्हळीकडं बघत म्हणाल्या, "त्या दिशी किती चुकलं हुतं, मास्तर?"

"नऊ अंश."

"म्हंजी किती?"

अंश त्यांना कसा सांगू? मी हात लांब केला, मूठ वळली आणि आभाळाशी धरली. "हाताच्या अंतरावरून ही मूठ जेवढं आभाळ झाकते, त्याहून जरा कमीच."

त्यांनी माझी मूठ बघितली. मग वर, तिच्या दोन्ही बाजूंनी पसरलेलं आभाळ बघितलं.

"येवढंच?"

"एवढंच."

"मंग तवाच येवढं वर करून दावायचं हुतं की," त्या म्हणाल्या. "मी हुते, त्ये हुते, ऊन हुतं."